केरसुणी, उंबरठा आणि दिवा : गृहोपकरणांविषयीच्या लोकसमजुतींचे मूळ

१

तिन्हीसांजेला केर काढू नये, केरसुणीला पाय लावू नये, उंबरठ्यावर बसू नये, उलट्या हाताने वाढू नये, दिव्याचे तोंड दक्षिणेकडे करू नये, बांगडी फुटली असे म्हणू नये; हे आणि यांसारखे निषेध महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत आजही ऐकू येतात. त्यांची गणना सामान्यतः अंधश्रद्धा या एकाच सदरात केली जाते आणि त्यांचा विचार तेथेच थांबतो. वास्तविक एखादी समजूत खरी की खोटी हा एक प्रश्न आहे आणि ती कोणत्या मार्गाने उत्पन्न झाली हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देण्यास फारसे श्रम पडत नाहीत. दुसरा मात्र इतिहासाचा व भाषेचा प्रश्न आहे, आणि त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या समजुतींची पद्धतशीर नोंद विसाव्या शतकाच्या आरंभी झाली. नाशिक येथे डिसेंबर १९०९ मध्ये ज्यांची हत्या झाली त्या ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्यांनी शाळांतील शिक्षकांकडून प्रश्नावलीच्या द्वारे पुष्कळ माहिती मिळविली होती. ती पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित करून गुजरात (१९१४) आणि कोकण (१९१५) अशा दोन भागांत प्रसिद्ध केली. या संग्रहांचे मोल मोठे आहे. तथापि त्यांचे स्वरूप यादीचे आहे. एका निषेधाचा दुसऱ्याशी काही संबंध आहे किंवा नाही, हा प्रश्न त्यांत क्वचितच उपस्थित होतो.

लोकांकडून आणि अभ्यासकांकडूनही या समजुतींची जी कारणे सांगितली जातात ती प्रायः दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार उपयुक्ततेचा. पूर्वी दिवे मिणमिणते असत, अंधारात केर काढताना एखादा दागिना केराबरोबर जाण्याचा संभव असे, म्हणून सायंकाळी केर काढण्यास मनाई झाली, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. दुसरा प्रकार पुराणकथेचा. नृसिंहाने हिरण्यकशिपूचा वध उंबरठ्यावर केला, म्हणून उंबरठ्यावर बसू नये. दोन्ही स्पष्टीकरणे सुटसुटीत आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. दागिना हरवण्याच्या भीतीने सायंकाळचा निषेध समजतो. परंतु त्याच केरसुणीला पाय का लावू नये, किंवा घरातील माणूस प्रवासास निघताच भरदिवसाही तिचा वापर का करू नये, हे त्याने उलगडत नाही. नृसिंहाच्या कथेने उंबरठ्याचे वेगळेपण सिद्ध होत नाही. उलट उंबरठा हे घरही नव्हे आणि बाहेरही नव्हे ही जाणीव आधीपासून असल्यावाचून त्या कथेला अर्थच राहत नाही. कोणत्याही उपपत्तीची कसोटी अशी असावी की, तिने एका वस्तूविषयीच्या सर्व निषेधांचा एकत्र उलगडा केला पाहिजे. या कसोटीस उतरतील अशा तीन वाटा पुढे दाखविल्या आहेत.

२

गृहोपकरणांविषयीच्या भयाचा सर्वांत जुना आणि स्पष्ट लेखी पुरावा धर्मशास्त्रात मिळतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच 'सूना', म्हणजे जीवहिंसेची स्थाने, सांगितली आहेत : चुल्ली, पेषणी, उपस्कर, कंडनी आणि उदकुंभ. चूल, दळण्यावाटण्याचे साधन, केरसुणी इत्यादी साहित्य, उखळमुसळ आणि पाण्याचा घडा हे ते पाच पदार्थ होत. 'उपस्कर' या शब्दाखाली केरसुणी येते ती कुल्लूकादी टीकाकारांच्या विवरणानुसार. या पाचांच्या नित्य वापराने नकळत जीव मरतात आणि त्या दोषाच्या निष्कृतीसाठी गृहस्थाने रोज पंचमहायज्ञ करावेत, असा तेथील विचार आहे.

या विधानातील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 'सूना' हा शब्द मुळात खाटकाच्या जागेचा वाचक आहे. ज्या वस्तूंवाचून घर चालत नाही त्यांनाच स्मृतिकाराने वधस्थानाचे नाव दिले. घरातील उपकरणे एकाच वेळी पोषक आणि दोषयुक्त आहेत ही भावना येथे शास्त्राच्या भाषेत उतरली आहे. पाचांपैकी बहुतेकांची नावे मराठीत अखंड चालत आली आहेत : चुल्लीची चूल, उलूखलाचे उखळ, मुसलाचे मुसळ, घटाचा घडा, दळण्याच्या साधनाला तेवढे 'यंत्र' या शब्दापासून आलेले 'जाते' हे नाव मिळाले. शब्द टिकले तसा त्या वस्तूंभोवतीचा सावधपणाही टिकला. मात्र त्याचे मूळचे कारण, म्हणजे हिंसेचा दोष, लोकांच्या स्मरणातून गेले आणि केवळ 'असे करू नये' एवढे उरले.

केरसुणीच्या बाबतीत हा द्विविध भाव विशेष ठळक आहे. शब्दाच्या घडणीत देवत्वाचा मागमूस नाही. अमरकोशात झाडणीला संमार्जनी आणि शोधनी ही दोन नावे आहेत. पैकी 'शोधनी' या शब्दापासून, मधल्या धकाराचा हकार होऊन 'सोहणी' आणि पुढे आकुंचनाने 'सुणी', असे केरसुणी या सामासिक शब्दाचे उत्तरपद सिद्ध होते. केर शुद्ध करणारी, एवढाच त्याचा अर्थ. परंतु आश्विन अमावास्येस नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात आणि तिला लक्ष्मी म्हणतात. उलटपक्षी शीतला देवीच्या ध्यानात तिच्या हाती केरसुणी व मस्तकावर सूप आहे, आणि शीतला ही तर फोडांच्या रोगाची देवता.

या विरोधाचा उलगडा त्याच अमावास्येच्या दुसऱ्या एका विधीने होतो. कमलाकरभट्टाच्या निर्णयसिंधूत (१६१२) आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या धर्मसिंधूत (१७९०) असे सांगितले आहे की, मध्यरात्र उलटल्यावर नगरातील स्त्रियांनी सुपे व डिंडिम वाजवीत अलक्ष्मीला आपल्या अंगणातून हाकलून द्यावे. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनानंतरच्या पहाटे केर काढून सूप वाजवीत तो बाहेर टाकण्याची चाल याच विधीची आहे. म्हणजे केरसुणी व सूप ही घालवून देण्याची साधने होत. जे साधन अलक्ष्मीला बाहेर घालवू शकते ते अवेळी वापरल्यास लक्ष्मीलाही बाहेर घालवील, हा त्यातून ओघानेच निघणारा निष्कर्ष. दिवेलागणीची वेळ ही लक्ष्मीच्या आगमनाची मानलेली असल्यामुळे त्या वेळी केरसुणी चालविणे म्हणजे दारात आलेल्या पाहुणीला परत पाठविणे होय. सायंकाळचा निषेध, पाय न लावण्याचा निषेध आणि अमावास्येची पूजा या तिन्ही गोष्टी अशा रीतीने एकाच सूत्रात बसतात. दागिना हरवण्याचे कारण मागाहून जोडले गेले असावे, असे म्हणण्यास हरकत नाही.

३

उंबरठ्याच्या बाबतीत भाषेने स्वतःच एक समजूत निर्माण केली आहे. उंबरठा उंबराच्या म्हणजे औदुंबराच्या लाकडाचा करीत असत आणि औदुंबर हा दत्तात्रेयांचा पवित्र वृक्ष, म्हणून उंबरठा पूज्य, असे नेहमी सांगितले जाते. हे मत टिकण्यास दोन अडचणी आहेत. पहिली व्यवहाराची : उंबराचे लाकूड मऊ असते, ते पाण्याखाली टिकत असले तरी उन्हापावसात आणि रोजच्या वर्दळीत टिकाऊ ठरत नाही. उंबरठ्यासाठी नेमके तेच लाकूड निवडण्याचे कारण दिसत नाही. दुसरी अडचण भाषेची. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वास्तुप्रकरणात, म्हणजे सहाव्या शतकात, 'उदुंबर' हा शब्द द्वाराच्या एका भागाचा वाचक म्हणून येतो. परंतु त्याहून जुन्या पालि भाषेत उंबरठ्याला 'उम्मार' आणि वृक्षाला 'उदुंबर' असे दोन भिन्न शब्द आहेत. दोन्ही मुळात एकच असते तर पालीत त्यांची रूपे इतकी दूर गेली नसती. यावरून उंबरठावाचक शब्द स्वतंत्र असून वृक्षनामाशी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे संस्कृतात त्याला 'उदुंबर' हे रूप दिले गेले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मराठीतील उंबरा व गुजरातीतील उंबरो हे त्याच लोकशब्दाचे वंशज होत.

याचा अर्थ असा नव्हे की उंबरठ्याचे महत्त्व अर्वाचीन आहे. आपस्तंब गृह्यसूत्रात नववधूने पतिगृही प्रवेश करताना देहलीवर उभे राहू नये असे स्पष्ट सांगितले आहे. उंबरठ्यावरील माप ओलांडून आत येण्याची मराठी विवाहातील चाल त्याच क्षणाशी निगडित आहे. तेव्हा निषेध प्राचीन आहे, आणि औदुंबराचे स्पष्टीकरण त्याच्यावर नंतर चढले आहे. लोकव्युत्पत्ती ही केवळ शब्दाचे रूप बदलते असे नाही. ती आचारालाही नवे कारण पुरविते, आणि कालांतराने ते कारणच मूळ समजले जाते.

४

वरील निषेधांपैकी काहींचा उलगडा अद्यापि राहिला आहे. घरातील माणूस बाहेर पडताच केर काढू नये. उलट्या हाताने वाढू नये. दिव्याचे तोंड दक्षिणेस करू नये. वरवर पाहता यांत काही साम्य नाही. परंतु प्रत्येक निषिद्ध कृती कोठे विहित आहे याचा शोध घेतल्यास साम्य तत्काळ दृष्टोत्पत्तीस येते.

प्रेत घराबाहेर नेल्यानंतर घर झाडून काढतात. पितरांना उदक द्यावयाचे ते अंगठा व तर्जनी यांच्या मधल्या भागावरून, म्हणजे पितृतीर्थाने, हात कलता करून देतात. दक्षिण ही यमाची दिशा. वर्षातून एकदा, आश्विन वद्य त्रयोदशीस, यमासाठी म्हणून मुद्दाम दक्षिणाभिमुख दिवा लावतात. म्हणजे जी कृती नित्य व्यवहारात वर्ज्य तीच अंत्यविधीत किंवा पितृकार्यात विहित आहे. कृतीत अंगभूत दोष नाही. ती दुसऱ्या प्रसंगासाठी राखून ठेवलेली आहे, हाच तिचा दोष.

फेर्दिनां द सोस्यूर यांच्या मरणोत्तर १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी भाषाशास्त्रात जो विचार रूढ केला त्याचे येथे साहाय्य होते. भाषेतील चिन्हाला मूल्य येते ते त्याच्या स्वतःच्या गुणामुळे नव्हे, तर त्याच व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या भेदामुळे. घरातील आचारांचेही असेच आहे. प्रवासास निघालेला माणूस आणि कायमचा गेलेला माणूस यांच्या पाठीमागे घराने केलेली कृती एकच असेल तर त्या दोन जाण्यांतील भेद आचाराच्या भाषेत व्यक्त होणार नाही. पहिल्या प्रसंगी केरसुणी न उचलणे म्हणजे हे जाणे परत येण्यासाठी आहे असे सांगणे होय. निघणाऱ्याने 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणावे, हा मराठीतील संकेत तोच भेद शब्दाने करतो. हातांचा आचार आणि तोंडचा शब्द ही एकाच व्याकरणाची दोन अंगे ठरतात.

५

येथून विचार साहजिकच अमंगळ शब्दांकडे वळतो. अमंगल सूचित करणारा शब्द टाळावा ही जाणीव भारतीय परंपरेत शास्त्ररूपाने मांडलेली आहे. वामनाने व पुढे अकराव्या शतकात मम्मटाने अश्लीलाचे तीन प्रकार मानले; त्यांतील व्रीडा व जुगुप्सा यांबरोबरचा तिसरा प्रकार अमंगलाचा. क्रूर समजल्या जाणाऱ्या ग्रहाला मंगळ आणि अंगाची आग करणाऱ्या रोगाच्या देवतेला शीतला म्हणणे, रात्री सापाचे नाव न घेता 'जनावर' किंवा 'लांबडे' म्हणणे, ही सर्व याच वृत्तीची उदाहरणे होत.

गृहोपकरणांच्या क्षेत्रात या वृत्तीने मराठीला एक विलक्षण क्रियापद दिले, ते म्हणजे 'वाढणे' व त्याचे प्रयोजक रूप 'वाढवणे'. बांगडी वाढली म्हणजे फुटली. मंगळसूत्र वाढले म्हणजे त्याचा दोरा तुटला. दिवा वाढवला म्हणजे मालवला. नारळ वाढवला म्हणजे फोडला. दुकान वाढवले म्हणजे बंद केले. हिंदीतही दिया आणि दुकान यांच्यासाठी 'बढ़ाना' हेच क्रियापद योजतात. नाश, तुटणे, संपणे यांच्यासाठी वृद्धीचा शब्द, ही विपरीत लक्षणा मानली जाते.

परंतु येथे एक शंका घेणे प्राप्त आहे. संस्कृतात 'वृध्' या वृद्धिवाचक धातूखेरीज 'वर्ध्' हा दुसरा धातू आहे. धातुपाठात चुरादिगणात त्याचे अर्थ छेदन व पूरण असे दिले आहेत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात 'नाभिवर्धन' हा शब्द नाळ कापणे या अर्थी येतो; लाकूड कापणारा तो वर्धकी, त्यापासून मराठी वाढई व हिंदी बढई. पंजाबीत 'वड्ढणा' आणि गुजरातीत 'वाढवुं' यांचा अर्थ आजही कापणे असाच आहे; गुजरातीत शस्त्रक्रियेला 'वाढकाप' म्हणतात. मग 'नारळ वाढवणे' यात मंगलभाषण काहीच नसून छेदनार्थक जुना धातूच शिल्लक राहिला आहे, असे का म्हणू नये?

या शंकेचे उत्तर शब्दाच्या रूपात मिळते. छेदनार्थक धातू मुळातच सकर्मक आहे. त्याचे मराठी रूप प्रयोजक प्रत्ययाशिवाय सकर्मक राहील. असे रूप मराठीत आहे, आणि ते स्वयंपाकघरातच आहे : 'तिने भात वाढला'. अन्नाचे भाग पाडून ते वाटणे हा अर्थ छेदनापासून दूर नाही. परंतु 'त्याने नारळ वाढला' असे कोणी म्हणत नाही. 'नारळ वाढवला' असेच म्हणतात. तसेच 'बांगडी वाढली' हा प्रयोग अकर्मक आहे आणि त्याचे सकर्मक रूप 'वाढवली' असे 'अव' प्रत्ययाने होते. 'मूल वाढले, मूल वाढवले' या जोडीचा नमुना आणि 'बांगडी वाढली, बांगडी वाढवली' या जोडीचा नमुना एकच आहे. शिवाय दिवा व दुकान यांच्या बाबतीत छेदनाचा अर्थ मुळीच जुळत नाही. तेव्हा फोडणे, मालवणे या अर्थीचे वाढवणे हे वृद्धिवाचक धातूपासूनच आलेले असून त्यात अमंगलाचा परिहार खरोखरच अभिप्रेत आहे, हा निर्णय रूपाच्या आधारे देता येतो. एकाच उच्चाराची दोन क्रियापदे, एक ताटाशी व दुसरे बांगडीशी संबंधित, मराठी घरात शेजारीशेजारी नांदत आली आहेत.

६

या निर्णयाचे महत्त्व व्युत्पत्तीपुरते मर्यादित नाही. काम करताना सौभाग्यवतीच्या हातची बांगडी पिचली तर ती 'वाढली'. परंतु पती निवर्तल्यावर त्याच हातच्या बांगड्या 'फोडल्या' जात. वस्तू तीच, तिचे तुकडे होणेही तेच, शब्द मात्र दोन. 'फुटणे' हा साधा, सर्वांसाठी असलेला शब्द घरातील नित्य बोलण्यातून काढून घेऊन तो वैधव्याच्या एका प्रसंगासाठी राखून ठेवण्यात आला. चौथ्या भागात आचारांविषयी जे आढळले तेच येथे शब्दाविषयी आढळते : राखीव झालेला शब्द इतरत्र अशुभ होतो. सौभाग्यवतीने तो टाळावा यासाठी जितकी दक्षता घेतली गेली तितका तो विधवेच्या बाबतीत अधिक निष्ठुर झाला. सौम्य बोलण्याची ही रीत ज्या स्त्रियांना मिळत होती त्यांना ती आधार वाटली असेल. परंतु तिची किंमत दुसऱ्या स्त्रियांनी मोजली, ही गोष्ट अभ्यासकाने नजरेआड करू नये.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो आदर्श मानून इतर ग्रामपंचायतींनी तसे करावे असे परिपत्रक काढले. ज्या कृती बंद करावयाच्या त्या मराठीत सांगताना कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे अशी सरळ क्रियापदेच वापरावी लागतात. 'वाढवणे' या शब्दाने त्यांतील एकही कृती सांगता येत नाही. जी गोष्ट बंद करावयाची तिचे नाव प्रथम उघड घ्यावे लागते, आणि शतकानुशतके टाळलेले हे शब्द सार्वजनिक ठरावाच्या संदर्भात यावेत ही भाषेच्या इतिहासातीलही एक नोंद घेण्याजोगी घटना होय.

एकंदरीत, गृहोपकरणांविषयीच्या समजुती एका उगमातून आलेल्या नाहीत. काहींच्या मागे पंचसूनेसारखा विसरलेला धर्मविचार आहे, काहींना लोकव्युत्पत्तीने नंतर कारण मिळाले आहे, आणि बऱ्याचशा नित्य व अंत्य यांतील भेद राखण्यासाठी निर्माण झाल्या आहेत. उपयुक्ततेची व पुराणकथेची स्पष्टीकरणे या तिन्हींवर मागाहून बसलेले थर होत. ते थर वेगळे करावयाचे तर निषेध कोठे लागू होतो याबरोबरच तीच कृती कोठे विहित आहे, आणि तिच्यासाठी कोणता शब्द वापरतात व कोणता टाळतात, या तिन्ही गोष्टी एकत्र टिपल्या पाहिजेत. जॅक्सन यांच्या प्रश्नावलीने गोळा केलेल्या याद्यांना या दृष्टीने पुन्हा हात घालणे अगत्याचे आहे. केरसुणी यंत्राने झाडण्याच्या आणि दिवा कळ दाबून बंद करण्याच्या आजच्या काळात आचार झपाट्याने मागे पडत आहेत. शब्द काही काळ मागे रेंगाळतील. तोपर्यंतच हे काम सुलभ आहे.